अब्जांशाची चाल आणि बागलीचे शेत

काळी सिंध नदी ज्या टेकड्यांतून निघून चंबळेच्या भेटीस उत्तरेकडे जाते, त्या विंध्याच्या माथ्यावर बागली हे गाव वसलेले आहे. देवास जिल्ह्यातील हे तहसिलीचे ठिकाण. धार आणि देवास ही नावे महाराष्ट्रीय वाचकास पवारांच्या राज्यांमुळे परिचित आहेत. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदविणाऱ्या देवासची नवलाई तर अनेकांनी ऐकलेली असते. बागली मात्र पवारांची नव्हे. राठोड ठाकुरांची ही लहानशी जहागीर शिंद्यांस खंडणी देत असे, आणि १८१८ नंतर इंग्रजांनी माळव्याची जी घडी बसविली तीत तिला त्यांची हमी मिळालेली होती. १९४८ साली हा मुलूख मध्य भारतात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात आला. पुढे १९६२ पासून १९९८ पर्यंत बागली मतदारसंघाने कैलाश जोशी यांसच अखंड विधानसभेवर धाडले. या ३६ वर्षांत आमदार पालटला नाही. शेतातील पीक मात्र समूळ पालटले.

नवे तंत्र समाजास किती वेगाने पालटू शकते, या प्रश्नाचा विचार अशा गावाच्या आधाराने करण्यात एक सोय आहे. मोठ्या शहरांतील व्याख्यानांत प्रत्येक शोध उद्याच यावयाचा असतो. येथे तो केव्हा आला, कोणाच्या दारी आला आणि कोणाच्या दारी आलाच नाही, हे बांधावर उभे राहून पाहता येते. या प्रश्नास अलीकडे निमित्त झाले आहे ते नॅनो तंत्रज्ञानाचे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ८० हजारांपासून एक लाख नॅनोमीटरांपर्यंत भरते, यावरून या मापाची कल्पना यावी. पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे गुणही पालटतात. सोने पिवळे न राहता तांबडे दिसते, आणि चांदीचे कण जंतूंस मारक ठरतात.

या शास्त्राचा इतिहास सांगणारे बहुधा २९ डिसेंबर १९५९ या तारखेपासून प्रारंभ करतात. त्या दिवशी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे रिचर्ड फाइनमन यांनी एक भाषण केले आणि पदार्थाच्या तळाशी केवढी जागा रिकामी पडून आहे हे सांगितले. भाषणाच्या शेवटी त्यांनी हजार हजार डॉलरांची दोन बक्षिसे जाहीर केली. एक बक्षीस होते इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावेल अशी विजेची मोटार करणाऱ्यास. दुसरे, पुस्तकाचे पान पंचवीस हजारपट लहान करून लिहिणाऱ्यास. फाइनमन यांचा तर्क असा होता की मोटारीसाठी काही नवी विद्या शोधावी लागेल. प्रत्यक्षात विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने चिमटा आणि सूक्ष्मदर्शक एवढ्या जुन्याच साधनांनी ती १९६० साली करून दाखविली आणि बक्षीस नेले. दुसऱ्या बक्षिसास १९८५ साल उजाडावे लागले. एकाच मुखातून, एकाच सायंकाळी निघालेल्या दोन आव्हानांपैकी एकास वर्षही लागले नाही आणि दुसऱ्यास २६ वर्षे लागली. कोणत्या गोष्टीस वेळ लागेल हे खुद्द फाइनमन यांसही सांगता आले नाही, ही गोष्ट पुढील वादात फारशी कोणी ध्यानी घेतलेली दिसत नाही.

तो वाद मोठ्या रंगाचा होता. नॅनो तंत्रज्ञान हा शब्द जपानचे नोरिओ तानिगुची यांनी १९७४ साली योजला. परंतु तो लोकांच्या तोंडी बसविला एरिक ड्रेक्सलर यांनी. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे चित्र रेखाटले की अणूंस एकेक करून हवे तेथे बसविणारी अतिसूक्ष्म यंत्रे निघतील, ती आपल्यासारखीच दुसरी यंत्रे घडवतील, आणि मग कारखाना, औषध, शेती या सर्वांचे रूप एकाएकी पालटेल. बिल जॉय यांसारख्या संगणकक्षेत्रातील माणसाने एप्रिल २००० मध्ये याच चित्राची धास्ती घेऊन लेख लिहिला. उलट पक्षी रिचर्ड स्मॉली उभे राहिले. कार्बनच्या साठ अणूंचा चेंडू शोधून काढल्याबद्दल १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचे म्हणणे असे की अणू उचलणारी बोटेही अखेर अणूंचीच असावयाची. ती जाड असणार आणि चिकटही असणार. उचललेला अणू हवा तेथे सुटेल कसा? २००३ च्या डिसेंबरात या दोघांची जाहीर पत्रापत्री रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापली गेली. एकाच्या मते क्रांती दाराशी आलेली होती आणि दुसऱ्याच्या मते ती कधीच यावयाची नव्हती. दोघेही थोर बुद्धीचे. परंतु यंत्र करता येते की नाही एवढाच दोघांच्या वादाचा मुद्दा राहिला. केलेले यंत्र किंवा द्रव्य कोणाच्या घरी जाईल, त्याची पारख कोण करील, हे त्यांच्या पत्रांत नव्हते.

सरकारांनी मात्र थांबून निकालाची वाट पाहिली नाही. फाइनमन यांनी भाषण केले त्याच संस्थेत जानेवारी २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी अमेरिकेची राष्ट्रीय योजना घोषित केली. भारताने २००१ साली छोटी सुरुवात केली आणि २००७ साली पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची मोहीम हाती घेतली. पुण्यात या विद्येचे काम विद्यापीठात आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत चालले. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळण्याची युक्ती टाटांच्या पुण्यातील संशोधन केंद्रात सिद्ध झाली होती. तिला चांदीच्या अब्जांश कणांची जोड देऊन डिसेंबर २००९ मध्ये हजार रुपयांच्या आत मिळणारा, विजेवाचून चालणारा गाळणीसंच बाजारात आला. ड्रेक्सलर यांच्या स्वप्नातील स्वयंजनक यंत्रे आली नाहीत. आली ती अशी द्रव्ये, मलमे, संगणकाच्या चकत्या आणि लसी.

लशीचे उदाहरण तर बोलके आहे. डिसेंबर २०२० मध्ये करोनावरील एमआरएनए लस दिली जाऊ लागली तेव्हा जगास वाटले की वर्षभरात चमत्कार झाला. त्या लशीतील नाजूक रेणू पेशीपर्यंत सुखरूप नेणारी स्निग्ध कणांची पालखी ही नॅनो तंत्रज्ञानाचीच करामत. परंतु तिचे मूळ ॲलेक बॅंगहॅम यांनी इंग्लंडात १९६० च्या दशकात केलेल्या कामात आहे, आणि त्या जातीच्या कणांतून आरएनए देणाऱ्या पहिल्या औषधास मान्यता मिळाली ती २०१८ साली. म्हणजे एका वर्षाच्या मागे अर्धशतक उभे होते.

आता माळव्याकडे वळावे. येथे नव्या तंत्रांची आवक जुनी आहे. इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारास साडेचार टक्के व्याजाने एक कोटी रुपये कर्ज देऊन खांडव्याहून इंदुरास रेल्वे आणविली. प्रजेच्या राजाने सरकारास कर्ज द्यावे आणि आगगाडी विकत घ्यावी, हा प्रकार त्या काळी दुर्मीळच. गाडी नर्मदा ओलांडून घाट चढून इंदुरास पोचली; बागली त्या मार्गाच्या पूर्वेस कोसांच्या अंतरावर राहिली. जेथे पैसा होता तेथे वेग होता. तिकडे बेळगावी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी तो खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगण्याची प्रथा आहे. परंतु ज्याची सारी मालमत्ता दोन एकर भुई आहे त्याने तिच्यात नवी वस्तू घालण्यापूर्वी शेजाऱ्याचे शेत एक वर्ष पाहावे, यात अज्ञानापेक्षा हिशेबच अधिक आहे.

बागलीच्या पठारावरील खरी क्रांती सोयाबीनने केली. काळीतूर या नावाने एक काळ्या दाण्याचे सोयाबीन मध्य भारतात पूर्वीपासून थोडेफार होतेच. १९६० च्या दशकात जबलपूरचे कृषी विश्वविद्यालय आणि पंतनगरचे विश्वविद्यालय यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पिवळ्या दाण्याच्या वाणांचे प्रयोग आरंभिले; १९६७ साली अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. १९७० च्या सुमारास साऱ्या देशात हे पीक ३० हजार हेक्टरांच्या आसपास होते. शतक संपता संपता ते ६० लाख हेक्टरांवर गेले आणि त्यात सिंहाचा वाटा मध्य प्रदेशाचा होता. १९८७ साली इंदुरास सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले, तेव्हा क्रांती निम्मी होऊनही गेली होती.

ही चाल इतकी जलद का झाली? बियाण्याचे गुण हे एक कारण खरे. परंतु पहिले कारण रिकाम्या शेताचे आहे. माळव्याची काळी भुई पावसाळ्यात चिकट होते, तीत पाऊल रुतते. म्हणून पुष्कळ शेतकरी खरिपात जमीन पडीक ठेवीत आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू किंवा हरभरा घेत. शंभर दिवसांच्या आसपास निघणारे सोयाबीन या पडीक वेळेत नेमके बसले. त्याने आरंभी कोणास उठविले नाही. रिकाम्या पाटावर ते येऊन बसले. शिवाय ते आपले नत्र मुळांवरच्या गाठींतून हवेतून घेते, म्हणून खताचा खर्च थोडा. आणि इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यात तेलाच्या गिरण्या उभ्या राहिल्याने गिऱ्हाईक दाराशी आले. पुढे पुढे मात्र त्याने ज्वारीस उठविले. गंमत अशी की जे पीक घराघरांत शिरले ते घरच्या ताटात फारसे शिरलेच नाही. तेल शहरास गेले आणि पेंड परदेशी. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली, मोटारसायकल आली, आणि धान्य दुकानातून आणण्याची वेळही आली.

सोयाबीनहूनही वेगाने आली ती विंधन विहीर. १९७० नंतर बँकेचे कर्ज, वीज आणि पंप ही तिन्ही एकदम मिळू लागली. किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना देवासलाच निघाला. गव्हास चार पाणी देता येऊ लागले. पण माळव्याच्या पोटात काळा कातळ आहे. त्याच्या भेगांत जेवढे मावेल तेवढेच पाणी. खोली वाढत गेली, पाणी उतरत गेले, आणि १९९० साली देवास शहरास रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या तंत्राच्या प्रसारास कोणीही अडविले नाही, कोणी शंका घेतली नाही, त्याने वीस वर्षांच्या आत आपलाच पाया खणून काढला. पुढे २००६ साली त्याच जिल्ह्यात उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी असताना शेततळ्यांची मोहीम निघाली, आणि शेतकऱ्यांनी आपल्याच जमिनीचा तुकडा देऊन, पदरचे पैसे घालून तळी खणली.

बागली तहसिलीचा दुसरा अर्धा भाग तर या साऱ्या वेगाच्या बाहेरच होता. पठार संपून विंध्य जेथे नर्मदेकडे उतरतो, तेथे भिल्ल आणि कोरकू यांची वस्ती, उतरणीची हलकी जमीन आणि वाहून जाणारा पाऊस. एकाच तहसिलीत घाटावर पंप सुरू होते आणि घाटाखाली घागर डोक्यावर होती. १९९० साली मिहीर शाह आणि त्यांचे सहकारी यांनी समाज प्रगती सहयोग ही संस्था काढून बागलीत काम आरंभिले. नीमखेडा या आदिवासी गावी त्यांनी ओढ्यांवर मातीचे बांध घातले, पाणी अडविले. तेथील केंद्रास त्यांनी बाबा आमटे यांचे नाव दिले. मातीचा बांध हे काही नवे तंत्र नव्हे. ते भोजराजाच्या काळीही ठाऊक होते. तरी ते नीमखेड्यास पोचावयास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक यावे लागले.

या पार्श्वभूमीवर नॅनो युरियाची बाटली येते. फ्रिट्झ हेबर यांनी हवेतील नत्रापासून अमोनिया केला तो १९०९ साली. जर्मनीत ओपाउ येथे कारखाना निघाला १९१३ साली. भारतात सिंद्रीचा कारखाना निघाला १९५१ साली. आणि माळव्यातील सामान्य शेतकऱ्याच्या गाडीवर युरियाची गोणी दिसू लागली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी. नॅनो युरियाने ही वाट किती झपाट्याने चालली ते पाहावे. इफको या खत सहकारी संस्थेच्या गुजरातेतील कलोल येथील केंद्रात तो तयार झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यास सरकारी मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी तो जाहीर झाला. २८ मे २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कलोलच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, ज्याची क्षमता दिवसास दीड लाख बाटल्यांची सांगण्यात आली. एप्रिल २०२३ मध्ये नॅनो डीएपीही आले. नॅनो तंत्रज्ञान समाजास किती वेगाने पालटील या प्रश्नाचे उत्तर जणू काही कारखान्यानेच देऊन टाकले.

दावा असा होता की अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या एका गोणीचे काम करील. कण २० ते ५० नॅनोमीटरांचे. पानावर फवारले की पर्णरंध्रांतून आत जातात. जमिनीत वाया जाणे नाही, पाण्यात झिरपणे नाही. ९४ पिकांवर ११ हजार शेतकऱ्यांच्या शेतांत चाचण्या झाल्या आणि उत्पन्न सरासरी आठ टक्क्यांनी वाढले, असे सांगण्यात आले. हेतू वाईट म्हणता येणार नाही. गोणीतील युरियाचा मोठा भाग पिकास मिळतच नाही. तो वाफेने उडतो किंवा पाण्याबरोबर खाली जातो, विहिरी बिघडवितो, आणि त्याच्या अनुदानावर देशाचे हजारो कोटी रुपये जातात.

परंतु साधा हिशेब मांडला तरी कपाळास आठी पडते. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोंहून अधिक. पहिल्या बाटलीत चार टक्के, म्हणजे २० ग्रॅम. एवढे नत्र सुमारे एक किलो गव्हाच्या दाण्यांत असते. गोणीतील दोन तृतीयांश वाया गेले असे धरले तरी पिकास सहा-सात किलो मिळते. बाटलीतील कणन् कण पानात गेला तरी २० ग्रॅमच. समर्थक म्हणतात की हा हिशेब वजनाचा नाही, गुणाचा आहे. सूक्ष्म कणांमुळे वनस्पतीच्या आतील नत्राच्या वापरासच चालना मिळते. तसे असेल तर ते शेतात दिसावयास हवे. पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षे क्षेत्रप्रयोग झाले. शिफारशीप्रमाणे निम्मे नत्र कमी करून त्या जागी नॅनो युरियाची फवारणी केली, तेव्हा भाताचे उत्पन्न १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले. दाण्यांतील नत्र, म्हणजेच प्रथिन, तेही उणे झाले. २०२३ साली कोपनहेगन विद्यापीठातील मॅक्स फ्रँक आणि सोरेन हुस्टेड या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दाव्यांमागील शास्त्रावरच कठोर आक्षेप घेतले. इफकोने हे आक्षेप अमान्य केले. २०२४ मध्ये नत्राचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत वाढविलेला नवा प्रकार निघाला, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दरम्यान बाटली दुकानोदुकानी पोचली होती. युरियाच्या टंचाईच्या दिवसांत गोणीबरोबर बाटलीही घ्यावयास लावतात, अशा तक्रारी अनेक प्रांतांतून आल्या. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांस सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून अशी सक्ती थांबविण्यास सांगावे लागले. सोयाबीन शेजाऱ्याच्या शेतावरून शेजाऱ्याकडे गेले होते. त्याची पारख प्रत्येक बांधावर झाली होती. बाटली दुकानातून, गोणीच्या पाठीवर बसून आली. वस्तू पोचण्याचा वेग आणि ती रुजण्याचा वेग हे दोन वेगळे आहेत. आणि नॅनो तंत्रज्ञानाच्या वादात पहिलाच वेग मोजून दुसऱ्याचे भाकीत केले जाते.

माळव्याच्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न सोयाबीनच्या हंगामात फारसा येत नाही. त्या पिकास युरियाची गरज थोडी. तो येतो गव्हाच्या वेळी. पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी पहिले पाणी सोडतात, त्या सुमारास वरखत द्यावयाचे असते, आणि त्याच दिवसांत युरियाच्या दुकानापुढे रांगा लागतात. तेव्हा गोणी हाती नसेल आणि बाटली असेल, तर ती फवारावी आणि उरलेली गोणी कमी करावी काय, याचा निर्णय त्यास एका दुपारी करावा लागतो. बिघ्यास दहा क्विंटल गहू येणाऱ्या शेतात पंजाबातील प्रयोगाइतकी घट आली तर दोन क्विंटलांहून अधिक गहू जाईल. २०२५-२६ च्या रब्बी खरेदीसाठी जाहीर झालेल्या क्विंटलास २,४२५ रुपये या आधारभूत भावाने ते पाच हजारांहून अधिक होतात. बाटलीची किंमत २२५ रुपये. आठ टक्के वाढीचा दावा खरा ठरला तर तेवढ्याच बिघ्यास ऐंशी किलो गहू अधिक मिळेल. लुधियान्याच्या प्रयोगास दोन वर्षे लागली. बागलीच्या शेतकऱ्यास पहिल्या पाण्यानंतर आठवडाभराचीच सवड असते.